खुशाली

परमुलखी गेलेल्या माणसाने खुशाली कळवावी, ही आपली जुनी रीत. ती किती वेळा कळवावी, हा प्रश्न मात्र पूर्वी कुणाला पडत नसे. त्याचे उत्तर टपालखाते देई.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या, त्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. पती गोपाळराव स्वतः टपालखात्यातले. पण पत्राचा वेग वाढविणे त्यांच्याही हाती नव्हते. रुसवा असो की काळजी, समुद्र ओलांडायला आठवडे लागत. मधल्या काळात एकमेकांवर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतरच नसे.

आमच्या ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला आणि रशिया हे नाव घरोघरी झाले. पुढे सुखोई आले. मॉस्कोचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे, तर सुखोई घडविणाऱ्या इर्कुत्स्कचे अडीच तास पुढे. आता खिशातल्या मोबाइलवर या दोन्ही गावांशी क्षणात बोलता येते.

पूर्वी महिनाभर पत्र आले नाही, तर बोटीला नाहीतर पोस्टमनला बोल लावता येई. आज तासभर उत्तर आले नाही, की तो बोल माणसाला लागतो. अंतरासंगे अंतराची सबबही गेली. आणि त्या सबबीच्या आडोशाला मिळणारे थोडे एकटेपणही गेले.

कुणी आई विचारील, ‘लेकरू हाकेच्या टप्प्यात असताना हाक मारू नये काय?’ जरूर मारावी. दुखण्याखुपण्याची वार्ता वेळेवर पोहोचते, हे या यंत्राचे मोठेच उपकार. परंतु हाक वेगळी आणि हजेरी वेगळी. ‘हजर’ म्हणणारा मुलगा मनाने वर्गात असतोच असे नाही, हे आम्हां मास्तरांना रोज दिसते. दिवसातून दहादा हजेरी द्यावी लागणारा प्रवासीही हळूहळू ‘ठीक आहे’ एवढेच बोलू लागतो. शिवाय ज्या देशाचे अन्न तो खातो, त्या देशाकडे पाहायला त्याला सवड उरत नाही.

म्हणून एक वेळ ठरवावी. ती पाळणे हे गेलेल्याचे कर्तव्य. एरवी धीर धरणे हे घरच्यांचे. यांतले दुसरे अधिक कठीण, कारण फोन आता उशाशीच असतो. तरीही या दिवाळीत दूरदेशीचा फोन वाजला, तर ‘काल का केला नाहीस?’ हे ओठांवर आलेले गिळावे, आणि ‘तिथे काय काय पाहिलेस?’ असे विचारावे. मग बोलणे आपोआप लांबेल.