हक्काची सीमा

वस्तू आपली असली, म्हणजे तिच्यात वाटेल तो बदल करावा काय? भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या पोलादनगरीत जुनी पिकअप गाडी अंगणातच दुरुस्त करून चालविणे कष्टाळू माणसास भूषणावहच होय. परंतु अधिक माल भरता यावा म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे घातले, तर गाडी वाकत नाही, एवढेच. ब्रेक पूर्वीचेच राहतात. ओझ्याबरोबर थांबण्याचे अंतर वाढते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. पण कायदा नसता, तरीही प्रश्न उरलाच असता : त्याच रस्त्याने सायकलीवर पाळीला निघालेल्या कामगाराची संमती कोणी घेतली? लाभ आपला आणि धोका त्याचा, हा न्याय नव्हे.