आधी अंग, मग कपडे

ती फिगर टेबलावर ठेव आणि नीट ऐक. आल्या आल्या सांगितलंस, "सर, एका रात्रीत पूर्ण केली." ते न सांगताही दिसतंय. आणि वर म्हणतोस, वेल्सची मिलिपुट मिळाली असती तर छान झाली असती, एम-सीलमध्ये एवढंच होणार. पुट्टीला नावं ठेवू नकोस. मिलिपुट असो, ग्रीन स्टफ असो, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील असो, जे तू पाहिलंच नाहीस ते कुठलीही पुट्टी दाखवणार नाही.

तळावर नाव कोणाचं लिहिलंस? नाईक यशवंत घाडगे, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, ३ री बटालियन. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. २२ वर्षांचा हा माणूस एकटा त्या मशिनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून गन आणि गनर संपवला, टॉमी गनने आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच ठेचून मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. हे सगळं तू घडाघडा म्हणून दाखवतोस. मग तुझ्या फिगरमध्ये यातलं काहीच कसं उतरत नाही?

बघ तिच्याकडे. किटमधल्या ब्रिटिश शिपायाचे दोन्ही हात कापलेस, वर उचलून चिकटवलेस आणि फट पुट्टीने बुजवलीस. कमरेखाली तो अजून रस्त्याने निवांत चालला आहे. साडेचार किलोच्या आसपास वजनाची गन जिवाच्या कराराने फिरवताना माणसाचे नुसते हात हलत नाहीत. पुढच्या पायावर भार येतो, मागची टाच उचलते, कंबर आधी वळते, खांदे मागून येतात आणि पाठीला पीळ पडतो. कुठे आहे तो पीळ? ब्लेड हातात घेण्याआधी काठी घेऊन आरशासमोर उभा राहिला असतास तर समजलं असतं. किट कमरेत, मांडीत, गुडघ्यात कापायचं, भोकं पाडून पितळी तार घालायची आणि पोज तारेवर ठरवायची. तारेवर चूक बोटाने सुधारते. पुट्टी कडक झाल्यावर तिथे करवत लागते.

आता कपडे. हा लेप एक मिलिमीटर जाड आहे. १:३५ स्केलमध्ये त्याचे साडेतीन सेंटिमीटर होतात. एवढा जाड शर्ट कोणी घालतं का? ती गादी झाली. शिवाय चुण्या सगळीकडे सारख्या, सुईने ओढलेल्या रेघा. हात वर गेला की शर्ट काखेतून ताणतो, कमरपट्ट्यातून सुटतो आणि चुण्या त्या ताणाच्या जागेपासून पसरतात. ताण नाही तिथे कापड लोंबतं. तुझ्या शर्टाखाली शरीरच नाही, म्हणून चुण्यांना कुठे जायचं ते कळत नाही.

आणि शर्ट तरी कसला? जाड लोकरी बॅटलड्रेस, जुलै महिन्यात! इटलीच्या उन्हाळ्यात हिंदी पलटणी सुती खाकी ड्रिल घालत. गनला गोल ड्रम मॅगझिन लावलंस, कारण ते ऐटबाज दिसतं. १९४४ पर्यंत त्या सैन्यात सरळ पेटी मॅगझिन रुळलं होतं. जुने फोटो पाहायला तुला कोणी मना केलं होतं?

काखेत नख लावून बघ, अजून खूण उमटते. दोन्ही भाग सारखे घेतले नाहीस, नाहीतर रंग एकजीव होईपर्यंत मळले नाहीस. छातीचा थर ओला असतानाच बाही केलीस, म्हणून छातीवर तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे. एक भाग करायचा, तो पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग दुसरा. पट्टे अंगावर थापायचे नसतात. पुट्टी टाल्कम पावडरवर पातळ लाटायची, अर्धवट घट्ट झाली की नव्या ब्लेडने कापायची. त्या सैन्याचा १९३७ पॅटर्नचा कमरपट्टा सव्वादोन इंच रुंद होता, म्हणजे इथे दीड मिलिमीटरहून किंचित जास्त. मोजपट्टी आहे ना घरी? आणि हातमोजे कुठे आहेत? कच्च्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही. घासशील तेव्हा पाणी लावून घास, तोंडावर मास्क बांधून. ती धूळ छातीत जायला नको.

एवढं बोलतोय त्याला कारण आहे. नळीवर आवळलेली उजव्या हाताची ही बोटं बघ. प्रत्येक पेर जागेवर, अंगठा बरोबर वरून दाबलेला. ती तू स्वतःच्या मुठीकडे बघत केलीस, हो ना? म्हणजे तुला येतं. येत असून बाकीचं अंग उरकून टाकलंस, याचा मला राग आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तिथलं कोणी इथे येऊन तळावरचं नाव वाचेल, तेव्हा त्याला हा निवांत चालणारा शिपाई दाखवशील?

आजच्या आज ते नाव खरवडून काढ. दुसरं किट घे. येत्या रविवारी मला तारेवरची पोज दाखव. ती जमली तर त्याच्या पुढच्या रविवारी उघडं अंग, त्यावर कपडा नाही, पट्टा नाही, गन नाही. रिकाम्या हातांनीसुद्धा तो माणूस गन फिरवतोय असं मला दिसलं, तरच शर्टाची पुट्टी मळायची.