वालाच्या शेंगेचा कर्ता कोण?

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात परसातली भाजी खरी साधते ती हिवाळ्यात. भात कापून झाले की उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. घरामागे वांगी, टोमॅटो, मुळा, मेथीचे वाफे होतात. समुद्र जवळ असल्याने रोपे गोठवणारी थंडी इथे पडत नाही. या भाजीला ‘मी पिकवली’ म्हणणे कितपत खरे?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठानाचा अर्थ टीकाकार बहुधा शरीर असा करतात. परसबागेपुरता तो मातीपर्यंत नेता येतो. लावणारा कर्ता, हात आणि खुरपे ही करणे, शिंपणे-निंदणे या चेष्टा. उरले दैव, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचे. हिवाळ्यात तेच सर्वांत ठळक दिसते. पारंपरिक वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. अवेळी पेरला तर कितीही खतपाणी घाला, वेल नुसता पानांनी माजतो. टोमॅटोलाही फळ धरायला गार रात्री लागतात, साधारण १५ ते २० अंशांच्या. स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याला गीता म्हणूनच अज्ञ ठरवते.

या भागातले वारली धान्याला कणसरी देवी मानतात; पीक त्यांच्या लेखी मिळालेले असते. अरणच्या सावता माळ्यांनी (१२५०–१२९५) मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला, आणि त्यांची वाट अधिक मोलाची वाटते. मालकी सोडूनही त्यांनी कष्टाला उणे मानले नाही. निंदणे हीच पूजा झाली.

मात्र दैवाची कक्षा फार सैल धरली की घात होतो. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र नासतो म्हणून मांगेला मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मासेमारी बुडाली हे दैव, असे मानून ते गप्प राहिले नाहीत, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही त्यांचेच बरोबर होते. एखाद्या वाडीच्या विहिरीत रसायन उतरले, तर वाडीवाल्याच्या हाताबाहेरचे असूनही ते दैव नव्हे. ती दुसऱ्या कोणाची तरी चेष्टा आहे. लहान होणाऱ्या दिवसाला जाब विचारता येत नाही. रसायन सोडणाऱ्याला तो विचारता येतो.