अध्ययनाचें माप

इंदिरानगरांत राहणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनराला "तुमचा ज्ञानेश्वरीचा व्यासंग मोठा" असें कोणीं म्हटलें म्हणजे बरें वाटतें, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. चाळीस वर्षें रोज सकाळीं पोथी उघडली. एवढें कौतुक पदरीं पडावयाचेंच. पण परवां नातीनें सहज विचारलें, "आजोबा, तुमची चूक कोण काढतें?" तेव्हांपासून मन स्वस्थ नाहीं.

वेदपाठकांना हा प्रश्न कधींच पडला नाहीं. घनपाठ म्हणणारा एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हां एक-दोन-तीन, अशीं पदें मागें-पुढें फिरवीत जातो. ऋग्वेदाचीं सूक्तें १,०२८; त्यांत एक स्वर ढळला तरी ऐकणारा तेथेंच थांबवितो. दंडक्रम तर त्याहूनहि अवघड. आमच्या नाशकांत वेदमूर्ति नारायणशास्त्री देव यांनीं त्याचें पारायण केल्याचें सांगतात. तेंच पारायण २०२५ सालीं काशीस अहिल्यानगरच्या देवव्रत रेखे यांनीं ५० दिवसांत पूर्ण केलें. वय अवघें एकोणीस!

हें सारें पाठांतर, अर्थाचें काय? आक्षेप जुना आहे. अर्थावांचून वेद घोकणाऱ्याला यास्कानेंहि भार वाहणारा खांब म्हटलें आहे. परंतु मीं हा आक्षेप ज्या लगबगीनें पुढें केला, तींतच माझी लबाडी होती. पाठ चुकला तर ऐकूं येतो. अर्थ चुकला तर तो मनांत चाळीस वर्षें सुखानें नांदतो.

बरें, वर्षें मोजावीं तर ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेनें १२७५ चा आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. येथें माझी चाळिशी काय कामाची? उलट महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला, शेवटचा १९६२ सालीं. त्यांचीं तीं वर्षें मला मोठीं वाटतात, तीं संख्येमुळें नव्हे. विधानामागून विधान आधारासह मांडावयाचें, म्हणजे चूक काढावयास वाचकाला घरांत बोलावणेंच. मीं कोणाला बोलावलें?

त्या सायंकाळीं नातीला सहावा अध्याय वाचून दाखवूं लागलों. एका शब्दाशीं तिनें अर्थ विचारला. मला तो येत नव्हता. त्या शब्दावरून मी इतकीं वर्षें नुसता चालीच्या ओघांत पुढें गेलों होतों.

आतां दर गुरुवारीं एका जाणत्या गृहस्थांकडे पोथी घेऊन बसतों. पहिल्या दिवशीं आमच्या चार ओव्या झाल्या.