‘हातून घडले’ : निद्रिस्त कर्ता आणि दोषमुक्तीचा अर्थ

खुनाच्या खटल्यात बचाव म्हणून जे युक्तिवाद मांडले जातात त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. ‘मी ते केले नाही’ हा पहिला. ‘केले, पण त्यात गैर नव्हते’ हा दुसरा. आणि ‘केले, ते गैरही होते, पण त्याचा दोष मला पूर्णपणे देता येणार नाही’ हा तिसरा. या तिन्ही वाक्यांत कृतीला कोणी तरी कर्ता आहे हे गृहीत असते. वाद असतो तो कर्ता कोण आणि त्याचा दोष किती, एवढ्यापुरता. कॅनडातील ‘पार्क्स’ खटल्याने मात्र या तिहींत न बसणारे एक चौथे वाक्य न्यायालयापुढे ठेवले. ते असे : ‘कृती या देहाकडून झाली आहे, परंतु ती कोणीही केलेली नाही.’ ज्यूरीने हे वाक्य स्वीकारले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ते ग्राह्य धरले. कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालाची पुष्कळ चर्चा केली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू वेगळा आहे. कर्ता, हेतू आणि अर्थ या संकल्पनांवर ज्यांचा सगळा व्यवहार उभा आहे त्या साहित्यविचाराला हे चौथे वाक्य कोणता प्रश्न विचारते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम घटना. मे १९८७ मधील एका रात्री ओंटारिओ प्रांतातील तेवीस वर्षांचा एक तरुण आपल्या घरी झोपला. त्यानंतर तो उठला, मोटारीत बसला, सुमारे २३ किलोमीटर अंतर कापून सासुरवाडीस गेला, तेथे सासऱ्यांना त्याने गंभीर जखमी केले आणि सासूला सुरीने ठार मारले. तेथून तो थेट पोलीस ठाण्यात गेला आणि आपण माणसे मारली असावीत, असे त्याने स्वतःच सांगितले. त्याच्या स्वतःच्या हातांना खोल जखमा झालेल्या होत्या. जुगारापायी त्याने नोकरीच्या ठिकाणी पैशांचा अपहार केला होता, नोकरी गेली होती, मनावर ताण होता. पण सासू-सासऱ्यांशी त्याचे संबंध जिव्हाळ्याचे होते आणि या कृत्यातून त्याला काही लाभ होण्यासारखा नव्हता. झोपेत चालण्याचा विकार त्याच्या कुटुंबात अनेकांना होता. बचाव पक्षाने पाच तज्ज्ञ उभे केले. आरोपी घटनेच्या वेळी निद्राभ्रमणाच्या अवस्थेत होता यावर त्यांचे एकमत झाले, आणि सरकार पक्षाने या मताला छेद देणारा तज्ज्ञ पुरावा आणला नाही. १९८८ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या आरोपातून दोषमुक्त केले. सासऱ्यांच्या खुनाच्या प्रयत्नाचा आरोपही पुढे टिकला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला.

या बचावाचे वैशिष्ट्य नेमके कशात आहे हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गुन्ह्यासाठी दोषी मन लागते हे सर्वपरिचित तत्त्व आहे. वेडाचा बचाव सामान्यतः त्या मनाकडे बोट दाखवतो. अनैच्छिक स्वयंचलनाचा बचाव त्याच्याही अलीकडे उभा राहतो. जे ऐच्छिक नाही ते कृत्यच नव्हे, अशी त्याची भूमिका असते. आकडी आलेल्या माणसाचा हात दुसऱ्याला लागला तर त्याने ‘मारले’ असे आपण म्हणत नाही, तसेच हे. म्हणूनच या खटल्यात खरी लढाई झाली ती वर्गीकरणाची. निद्राभ्रमण हा ‘मनाचा रोग’ मानला असता तर आरोपीला वेडेपणाचा शिक्का आणि अनिश्चित काळाचे बंधन सोसावे लागले असते. तसे न मानल्यास संपूर्ण सुटका होती. निद्रा ही निरोगी माणसाचीच अवस्था आहे या जाणिवेकडे कॅनडाच्या न्यायालयाचा कल झुकला. उलट, १९९१ मध्येच ‘बर्जेस’ खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने झोपेतील हिंसेची गणना वेडेपणाच्या बाजूला केली होती. अवस्था तीच, पण तिला कोणत्या शब्दाखाली ठेवायचे यावर एका माणसाचे उर्वरित आयुष्य अवलंबून राहिले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या खटल्यात बचावाचे बळ कशात होते? एरवी बचावाला आरोपीची एक कहाणी रचावी लागते : त्याच्यावर अन्याय झाला होता, त्याला भडकवले गेले होते, त्याला भीती वाटली होती. येथे मात्र कहाणी जितकी कमी जुळेल तितका बचाव बळकट होत होता. हेतू नाही, लाभ नाही, वैर नाही, लपवाछपवी नाही. कृती तर गुंतागुंतीची. मोटार चालवणे, वळणे घेणे, ओळखीच्या घरात शिरणे, हे सारे तिच्यात आहे. पण या साखळीला अर्थ देणारे मन तिच्यामागे नाही. अभियोक्त्याचे काम अर्थ लावण्याचे, तर वकिलाचे काम अर्थ लागत नाही हे सिद्ध करण्याचे, अशी ही विलक्षण वाटणी होती.

यात समीक्षकाची अवस्था अवघड होते, कारण त्याची शिकवण अभियोक्त्याची आहे. कोणतीही कृती निरर्थक नसते. जे अनवधानाने झाले तेच सर्वांत बोलके असते, हे फ्रॉइडनंतरच्या वाचनपद्धतीचे जणू पहिले सूत्र होऊन बसले आहे. साहित्याची परंपराही याच बाजूची साक्ष देते. लेडी मॅकबेथ झोपेत चालते तेव्हा जागेपणी दडपलेले सत्यच तिच्या हातांच्या हालचालींतून बाहेर येते, आणि वैद्य व दासी ते ‘वाचतात’. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीत हिऱ्याच्या चोराचा शोध घेणारा नायक अखेर स्वतःपाशीच येऊन पोहोचतो : अफूच्या अमलाखाली, नकळत, हिरा त्यानेच उचललेला असतो. पण तेथेही त्या कृतीला हेतू आहे. हिऱ्याच्या सुरक्षिततेची जागेपणीची काळजीच झोपेत हात पुढे करते. साहित्यातील निद्राचारी अशा रीतीने जागृत माणसाचाच अधिक खरा अवतार असतो.

निद्राविज्ञान मात्र या कल्पनेला पुष्टी देत नाही. रॉजर ब्रॉटन यांनी, आणि पुढे याच खटल्यात त्यांची साक्ष झाली, १९६८ मध्येच असे मांडले होते की निद्राभ्रमण म्हणजे स्वप्नाचा अभिनय नव्हे. गाढ, संथ लहरींच्या निद्रेतून होणाऱ्या अर्धवट जागृतीचा तो विकार आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे ‘स्वप्ना’चे नव्हे, ‘सुषुप्ती’च्या काठावरचे क्षेत्र आहे. स्वप्नाला वाचता येते. सुषुप्तीला वाचायचे कसे? झोपेतून उठलेला माणूस ‘मला काही कळले नाही’ म्हणतो तेव्हा त्या न कळण्याचा साक्षी कोण, हा वेदान्ती आणि नैयायिक यांच्यातील जुना वाद आहे. न्यायालयापुढे तो वाद नव्या आणि रक्ताळलेल्या रूपात आला, एवढेच.

अर्थ नाही असे म्हणण्याची पाळी येते तेव्हा व्याकरण अधिक उपयोगी पडते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य हाच निकष ठेवला. परंतु कोणाला स्वतंत्र म्हणून मांडायचे हे वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, हेही वैयाकरणांनी ओळखले होते. म्हणून देवदत्त तलवारीने तोडतो असे म्हणता येते, तसे तलवार तोडते असेही म्हणता येते. वकिलाने येथे केले ते हेच : त्याने विवक्षा बदलली आणि हाताला कर्ता केले. मराठीला हा फेरफार परका नाही. ‘त्याने तिला मारले’ या आपल्या साध्या वाक्यातदेखील कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद त्याचे काही ऐकत नाही. हा भावे प्रयोग. ‘त्याच्या हातून खून झाला’ असे म्हटले की पहिल्या विभक्तीचा मान खुनालाच मिळतो आणि माणूस ती घटना ज्यातून वाहिली तो केवळ मार्ग उरतो. विशेष असे की ‘हातून’ हा शब्द आपण पापापुरता राखून ठेवलेला नाही. पुण्यही हातून घडते आणि मोठे कार्यही हातून होते. स्वतःकडे पूर्ण श्रेय न घेता स्वतःला वगळूही न देणारी ही रचना आहे.

पार्क्स खटल्यातील नाट्य या रचनेतून स्पष्ट होते. आरोपीने पोलीस ठाण्यात उच्चारलेले वाक्य प्रथमपुरुषी आणि सकर्मक होते; त्याच्या जोडीला फक्त ‘असावीत’ एवढा अनुमानाचा स्वर होता. स्वतःच्या जखमी हातांवरून तो स्वतःच्या कृतीचा अंदाज बांधत होता. स्वतःच्याच संहितेचा तो परका वाचक झाला होता. पुढे तज्ज्ञ, वकील, ज्यूरी आणि न्यायमूर्ती यांनी पाच वर्षांत त्या वाक्यातून ‘मी’ काढून टाकला. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे मला वाटते. जो नव्हता त्याला शिक्षा करणे म्हणजे केवळ घडलेल्या गोष्टीवर सूड उगवणे होय. पण प्रश्न असा की ज्याचे वाक्य बदलले गेले, त्याच्या दृष्टीने ते संपले का?

सॉफोक्लिसने या प्रश्नाला दोन नाटके दिली. ‘राजा इडिपस’मध्ये सत्य कळताच इडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो, ‘कोलोनसचा इडिपस’मध्ये तोच वृद्ध माणूस ठामपणे सांगतो की आपण हे अजाणता केले, कायद्यापुढे आपण निर्दोष आहोत. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दुसऱ्याने पहिले रद्द होत नाही. आपल्याकडे लोकपरंपरेतील हरिश्चंद्र याच्याही पुढे जातो. स्वप्नात दिलेले राज्य तो जागेपणी विश्वामित्राच्या स्वाधीन करतो. कोणतेही न्यायालय त्याला ते दान पाळण्यास भाग पाडू शकले नसते. त्याचे मोठेपण यातच आहे की इतर कोणी लादू शकत नाही ते तो स्वतः उचलतो. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैवा’ची चर्चा करताना अशाच भावनेचे विश्लेषण केले : ज्याच्या गाडीखाली, त्याची चूक नसताना, मूल सापडले तो चालक आणि पदपथावरून ते पाहणारा माणूस यांचे दुःख एकाच जातीचे नसते, आणि चालकाला तसे दुःख झालेच नाही तर आपल्याला त्याच्याविषयी शंका येते.

यावरून एक भेद निघतो, आणि तो मला कळीचा वाटतो. आरोपण आणि स्वीकार या दोन निराळ्या क्रिया आहेत. आरोपण तृतीयपुरुषी असते; तेथे पुरावा लागतो, आणि पुरावा अपुरा पडल्यास ते मागे घेतले पाहिजे. स्वीकार प्रथमपुरुषी असतो. तो मागता येत नाही, फक्त करता येतो. दोषमुक्तीने आरोपण संपते. स्वीकाराला ती हातही लावत नाही. सर्वोच्च न्यायालयातही या शिल्लक उरलेल्या भागाची अस्वस्थता जाणवली होती : आरोपीवर शांतता राखण्याच्या अटी घालता येतील का हे तपासावे, असे मुख्य न्यायमूर्ती लामेर यांनी सुचवले, बहुसंख्य न्यायमूर्तींनी ते मान्य केले नाही. तर्काच्या दृष्टीने बहुमत बरोबर होते. जर कोणी केलेच नाही, तर अटी कोणावर घालायच्या?

येथे एक रास्त आक्षेप येईल. ‘हातून घडले’ ही रचना पळवाट नव्हे काय? दंगलीनंतरच्या निवेदनांत माणसे ‘मारली जातात’, पण मारणारे त्या वाक्यात नसतात. कर्त्याला वाक्याबाहेर ठेवणे हे सत्तेचे आवडते व्याकरण आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वरील भेद महत्त्वाचा ठरतो. ‘माझ्या हातून घडले’ या वाक्यात बोलणारा समोर उभा असतो. ‘मारले गेले’ या वाक्यात बोलणाराही नसतो. पहिले वाक्य दोष नाकारते पण संबंध मान्य करते. दुसरे दोन्ही नाकारते. कायद्यानेही या धोक्याची दखल घेतली. १९९९ मध्ये ‘स्टोन’ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वयंचलनाचा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकला. झोप सांगणे सोपे आहे. ती सिद्ध करणे सोपे राहू नये.

साहित्यविचाराने यातून काही घ्यायचे आहे काय? गेली काही दशके आपण लेखकाला संहितेबाहेर ठेवण्याची भाषा सहजतेने वापरत आलो. रोलां बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला. मिशेल फूकोने दाखवून दिले की ग्रंथाला लेखक चिकटला तो मुळात शिक्षा कोणाला करायची हे ठरवण्यासाठी. ही मांडणी मोलाची आहे, पण ती आरोपणाच्या बाजूने खरी आहे. संहितेतील भाषा लेखकाने एकट्याने केलेली नसते, ती त्याच्या हातून होते, हे मान्यच. मात्र एवढ्यावरून ज्याच्या हातून झाली त्याचा तिच्याशी संबंध संपतो असे ठरत नाही. तसेच, प्रत्येक मौनात आणि प्रत्येक स्खलनात हेतू शोधणाऱ्या वाचकानेही स्वतःला विचारावे की आपण वाचत आहोत की खटला चालवीत आहोत. काही ठिकाणी अर्थ नसतो, आणि तो नाही असे म्हणता येणे हीही वाचनाची प्रामाणिकता आहे.

त्या रात्री एक स्त्री मेली. तिच्या मृत्यूचा कर्ता कायद्याला सापडला नाही, आणि तो न सापडणे हाच योग्य निकाल होता. पण कर्ता नसला तरी मृत्यूला एक संबंधी होता, आणि तो पहाटे स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला होता. तेथे तो जे बोलला ते पुरावा म्हणून चुकीचे ठरले. माणसाचे वाक्य म्हणून ते चुकीचे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही.