पानिपत, वॉटर्लू आणि आमची असई

आयपीएलमध्ये आपली टीम हरली की ग्रुपवर मेसेज येतो, 'आज पानिपत झालं.' निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला की बातमीचा मथळाही तोच. इंग्रजीतही असंच आहे. तिथे माणसाच्या वाट्याला त्याचं 'वॉटर्लू' येतं, म्हणजे तो असा हरतो की पुन्हा उभा राहत नाही. दोन भाषांनी दोन रणांगणांची नावं घेतली आणि त्यांचे वाक्प्रचार केले. वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की बोलताना कुठे टोचतही नाहीत.

मला पडणारा प्रश्न साधा आहे. जिथे हजारो माणसं मेली, त्या जागेचं नाव आपण मॅच हरल्यावर वापरतो, हे बरोबर आहे का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतही पडू शकतो. पण मी जालना जिल्ह्यातला आहे आणि मला तो जरा जास्त छळतो. कारण वॉटर्लू जिंकणारा माणूस त्याआधी बारा वर्षं आमच्याकडे लढून गेला होता. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं लहानसं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज होती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीच्या फौजेचा सेनापती चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा त्याने ताडलं की गावं इतकी जवळ आहेत म्हणजे त्यांचं येणं-जाणं असणारच. उतार खरंच होता. लोक बाजाराला, सोयऱ्यांकडे ज्या वाटेने जात असतील, त्याच वाटेने फौज पलीकडे गेली. त्या दिवशी कंपनीचे ४२८ लोक ठार आणि १,१३८ जखमी झाले. मराठ्यांच्या शंभराच्या आसपास तोफा गेल्या. तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर वेलिंग्टनने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं, असं सांगतात.

आम्हाला शाळेत इंग्रजीच्या तासाला वॉटर्लूचा वाक्प्रचार होता. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, दोन मार्क. असई तिथून एसटीने तासाभराच्या अंतरावर, पण तिचं नाव त्या तासाला निघालं नाही. यात कुणा एकाचा दोष नाही. ज्याचा वाक्प्रचार झाला ते पुस्तकात आलं, ज्याचा झाला नाही ते शेतात राहिलं.

आता वाक्प्रचार नेमकं काय जपून ठेवतात ते बघा. १८ जून १८१५ ला मुख्य लढाई वॉटर्लू गावात झालीच नव्हती, ती गावाच्या दक्षिणेला झाली. वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूत होता आणि विजयाच्या खलित्यावर त्याने तेच ठिकाण घातलं, म्हणून लढाईला ते नाव पडलं. म्हणजे नाव जिंकणाऱ्याच्या मुक्कामाचं आणि त्यात साठवलेला पराभव नेपोलियनचा. त्या एका दिवसात मेलेली आणि जखमी झालेली माणसं सगळ्या बाजूंची मिळून पन्नास हजारांच्या घरात होती. ती या वाक्प्रचारात कुठेच नाहीत.

त्यांच्यासाठी इंग्रजीत दुसराच एक शब्द होता, 'वॉटर्लू टीथ'. मेलेल्या जवान पोरांचे दात उपटून विकले गेले आणि श्रीमंतांच्या कवळ्यांत बसवले गेले. त्या दातांना हे नाव पडलं. सम्राटाचा पराभव आजही रोजच्या बोलण्यात आहे. शिपायांचे दात आता इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागतात.

आपल्याकडेही तेच. १४ जानेवारी १७६१ नंतर नानासाहेब पेशव्यांना पानिपतची बातमी एका सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. दोन मोती गळाले, इतक्या मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे सुटे पैसे, चिल्लर. ती साधी माणसं होती. शिपाई, बुणगे, यात्रेला म्हणून सोबत निघालेल्या बायाबापड्या. सावकाराने क्रूरपणे लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याच्या चोपडीची भाषाच तशी होती. पण मोती दोन हे कळलं आणि चिल्लर मोजली गेली नाही, हे खरं. 'खुर्दा उडाला' असं आपण आजही सहज म्हणतो.

मग असईचा वाक्प्रचार का झाला नाही? 'त्यांची पार असई झाली' असं मराठीत कुणी म्हणत नाही. मला याचं कारण असं दिसतं : वाक्प्रचार व्हायला आधी कुणीतरी रडलेलं असावं लागतं. पानिपतावर मराठी मुलखातलं घर न् घर रडलं. ते दुःख गावोगावच्या ओसरीवर बोललं गेलं, म्हणून ते भाषेत उतरलं. असईला कोण पडलं? कंपनीकडून मद्रासकडचे शिपाई आणि स्कॉटलंडची पोरं. शिंद्यांच्या कवायती पलटणींत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातल्या भाडोत्री शिपायांचा आणि त्यांच्यावर युरोपीय अधिकारी. कंपनीने आपली माणसं एकेक करून मोजली. समोरच्यांचा आकडा मात्र 'काही हजार' या अंदाजातच राहिला. जे मेले त्यांचं रडणं अवधी, तमिळ, तेलुगू, गेलिक अशा भाषांत झालं असेल. मराठीत फार थोडं झालं असणार.

आणि गावकरी? त्यांचा यात ना विजय होता, ना पराभव. हा मुलूख निजामाचा आणि निजाम तेव्हा कंपनीचा दोस्त. घाटाकडचे मराठी लोक या भागाला 'मोगलाई' म्हणत. पुढे त्या शब्दाचा अर्थच बेबंदशाही असा झाला. माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मलेले, अस्सल मोगलाईतले. आम्ही पोरांनी दंगा केला की ओरडायचे, "इथं काय मोगलाई लागली का रे?" आपल्याच मुलखाचं नाव शिवी म्हणून वापरतोय, हे त्यांच्या मनातही येत नसेल. ज्या लोकांचं गावच दुसऱ्यांच्या बोलण्यात अंदाधुंदीचा नमुना होतं, त्यांच्या शेतात झालेली लढाई भाषेने आपली मानावी कशी?

एवढं ऐकून माझा एक मित्र म्हणाला, "बरंच झालं की. नाव झिजलं तरी नाही." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मराठवाड्यातच आणखी एक नाव आहे, ज्याचा वाक्प्रचार झालेला नाही. किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. पेपर अवघड गेला म्हणून 'आमचं किल्लारी झालं' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर आसपासचे लोक त्याला गप्प करतील. कारण ज्यांचं माणूस गेलं ते अजून आपल्यात आहेत. बसमध्ये शेजारच्या सीटवर असू शकतात.

म्हणजे किल्लारीचा वाक्प्रचार नाही आणि असईचाही नाही, पण दोन्हींची कारणं अगदी उलट आहेत. किल्लारीबद्दल आपण जीभ आवरतो, कारण रडणारे समोर आहेत. असईबद्दल जीभ वळतच नाही, कारण रडणारे इथे कधी नव्हतेच. पहिली आदराची शांतता आहे. दुसरीत कुणाला काही वाटलेलंच नाही. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून शांतता दिसली की ती कशाची आहे हे विचारावं लागतं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच निघतं. पानिपत म्हणायला माझी हरकत नाही. ज्यांनी त्या दिवसाचं दुःख भोगलं त्यांनी ते पुरतं भोगलं, पुढच्या पिढ्यांना सांगितलं, आणि मग ते झिजून शब्द झालं. प्रत्येक शब्दाचं मूळ दुःख प्रत्येक वेळी जागं झालं असतं, तर आपल्याला तोंडच उघडता आलं नसतं. पण ज्याच्या घरचं सुतक अजून फिटलेलं नाही, त्याच्या दुःखाचा वाक्प्रचार करण्याचा हक्क आपल्याला नाही. तो हक्क वेळ देते आणि ते दुःख भोगणारे देतात, बाहेरच्याने तो परस्पर घ्यायचा नसतो. उद्या एखाद्या अपघाताचं, दंगलीचं, बुडालेल्या गावाचं नाव मीमसाठी हाताशी येईल, तेव्हा एवढं एक तपासून बघा : हे ऐकून ज्याला खाली बघावं लागेल असा कुणी या ग्रुपमध्ये आहे का?

आणि वाक्प्रचार आहे म्हणजे आठवण आहे, असंही समजू नका. पानिपत रोज म्हणणाऱ्यांनाही तो खुर्दा आठवत नाही. शब्द जागेचं नाव टिकवतो. तिथे पडलेल्या माणसांची गोष्ट आपल्यालाच सांगावी लागते.

असईचा वाक्प्रचार व्हावा असं मला वाटत नाही. तिथे काय झालं ते आमच्या शाळांत पोरांना सांगितलं जावं, एवढंच. जी माणसं तिथे पडली, ती आमच्या जातीची, भाषेची, राज्याची नव्हती. पण ती आमच्या शेतात पडली. त्यांच्या घरच्यांना इथवर येता आलं नाही. आम्ही मात्र इथेच आहोत.