वाटेची मालकी

हॉलीवूडच्या बड्या स्टुडिओंच्या जागतिक प्रभावाची चर्चा बहुधा पडद्यावर काय दिसते याभोवती, म्हणजे नायकाची घडण, सुखान्ताचा आग्रह आणि अमेरिकी राहणीचे आकर्षण यांभोवती फिरते; परंतु या संस्थांचा आर्थिक इतिहास पाहता त्यांनी सर्वांत जिवापाड जपली ती प्रेक्षकापर्यंत जाणाऱ्या वाटेची मालकी, आणि काय निर्माण व्हावे हेही पुष्कळदा त्या मालकीनेच ठरवले.

1930 आणि 1940 च्या दशकांत पॅरामाउंट, लोज-एमजीएम, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ या पाच कंपन्यांच्या हाती निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन असे तिन्ही व्यवहार एकवटले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याच्या 1948 च्या निकालपत्रात नोंदवल्याप्रमाणे देशातील 18,076 चित्रपटगृहांपैकी 3,137, म्हणजे 17 टक्क्यांहून थोड्या अधिक गृहांत या पाचांचे हितसंबंध होते. मात्र खटल्यातील आठ कंपन्यांना देशात मिळणाऱ्या एकूण भाड्यापैकी 45 टक्के रक्कम याच गृहांतून येई, कारण मोठ्या शहरांत नवा चित्रपट प्रथम लावण्याचा मान बहुतांशी त्यांच्याकडे होता. स्वतंत्र चित्रपटगृहचालकांच्या वाट्याला ‘ब्लॉक बुकिंग’ येई: गाजलेल्या नटाचा एक चित्रपट हवा असेल, तर त्याच कंपनीचे इतर अनेक चित्रपटही, कित्येकदा न पाहताच, घ्यावे लागत. त्यामुळे सुमार चित्रपटालाही गिऱ्हाईक आधीच ठरलेले असे. अर्थात त्याच निश्चिंतीपोटी एखाद्या वेगळ्या वाटेच्या चित्रपटाचाही निभाव लागत असे, हे स्टुडिओंच्या टीकाकारांनी सहसा लक्षात घेतलेले नाही. न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली आणि पुढील काही वर्षांत पाचही कंपन्यांना चित्रपटगृहांचा व्यवसाय वेगळा काढावा लागला.

देशाबाहेर ही वाट राजनैतिक वाटाघाटींतून खुली झाली. 1946 च्या ब्लम-बर्न्स करारात फ्रान्सच्या युद्धकाळातील देण्यांची आणि नव्या कर्जाची बोलणी होत असतानाच अमेरिकी चित्रपटांवरील आयातनिर्बंध सैल झाले, आणि फ्रेंच चित्रपटगृहांत तिमाहीतील अवघे चार आठवडे स्वदेशी चित्रपटांसाठी राखीव राहिले. पुढे फ्रान्सने तिकिटांवर, अर्थातच अमेरिकी चित्रपटांच्याही तिकिटांवर, अधिभार बसवून ते पैसे स्वदेशी निर्मितीकडे वळवले; राखीव आठवड्यांपेक्षा हा उपाय अधिक धोरणी होता. महाराष्ट्रात 2015 साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्यावरून जो वाद झाला, त्याचेही मूळ वाटेच्याच प्रश्नात होते: चित्रपट तयार होते, सोयीची वेळ मिळत नव्हती.

दूरचित्रवाणीवर वाहिन्यांचे जाळे एकाच मालकाचे असले की कथानकही त्याच जाळ्यातून एका भाषेतून दुसरीत जाते. 2019 च्या मार्चमध्ये डिस्नेने फॉक्सच्या मोठ्या भागासह स्टार इंडिया ताब्यात घेतली. त्याच वर्षी स्टार जलसावर सुरू झालेली ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका वर्षअखेरीस स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते!’ आणि 2020 मध्ये स्टार प्लसवर ‘अनुपमा’ होऊन आली, शिवाय दक्षिणेच्या भाषांतही गेली. कॅलिफोर्नियाने ही कथा लादली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण कथा कोलकात्याची आणि मराठी रूपातील घर, बोली, सणवार सारे इथलेच होते. तरीही एका बाजारात पारखलेली कथा शेजारच्या बाजारात नेणे नव्या लेखकाच्या नव्या कथेपेक्षा कमी जोखमीचे असते, आणि हा हिशेब जाळे जितके मोठे तितका मोहाचा होतो.

इंटरनेटवरील प्रसारणाने 1948 पूर्वीची रचना वेगळ्या रूपात परत आणली, कारण नेटफ्लिक्ससारखी कंपनी एकाच वेळी निर्माता, वितरक आणि जणू चित्रपटगृहही असते; पॅरामाउंट खटल्यातून आलेले निर्बंध 2020 मध्ये रद्द झाले, तेव्हा हे नवे खेळाडू त्यांच्या कक्षेत कधी आलेच नव्हते. नवी गोष्ट एवढीच की चित्रपटगृहाच्या खिडकीवर विकलेली तिकिटे तरी मोजता येत, तर आता कोणी किती पाहिले याचा हिशेब मालकापाशीच राहतो. अमेरिकी पटकथालेखकांच्या 2023 च्या 148 दिवसांच्या संपात हाही वादाचा मुद्दा होता. अखेर कंपन्यांनी स्वतः निर्मिलेल्या मोठ्या खर्चाच्या मालिका एकूण किती तास पाहिल्या गेल्या हा आकडा लेखकसंघाला देण्याचे मान्य केले, पण गोपनीयतेच्या अटीवर.